शब्दांचे पैसे वेगळे धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या तालुका पानावर एका गणेशोत्सव मंडळाच्या नव्या गाण्याच्या प्रकाशनाची बातमी होती. गायक, संगीतकार, रेकॉर्डिंग झालेला स्टुडिओ, नाच बसवणारा, ड्रोन उडवणारा, खर्चाला हातभार लावणारे आणि व्यासपीठावरचे झाडून सगळे पाहुणे यांची नावे तीत होती. गाण्याचा मुखडासुद्धा ठळक अक्षरांत छापला होता. तो कुणी लिहिला, एवढेच नव्हते. गाणे माझे नाही. लिहिणारा मुलगा ओळखीचा आहे, म्हणून चौकशी केली, तर कळले की त्याला शब्दांचे पैसेही मिळालेले नाहीत. नाव छापून आले नाही की पुढचे काम येत नाही, आणि काम येत नाही म्हणून पैसे मागायची हिंमत होत नाही. आपल्या जिल्ह्यात लिहिणारी पोरे या फेऱ्यात अडकतात, त्यासाठी हे पत्र.

मी विट्यात राहते आणि पैसे घेऊन गाणी लिहिते. मंगलाष्टके, डोहाळजेवणाची आणि बारशाची गाणी, शाळांची स्वागतगीते, यात्रेची गाणी, निवडणुकीची प्रचारगीते, अधूनमधून यूट्यूबवरच्या अल्बमची गाणी. गीतकार म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबई येते. पण काम इथेही आहे, आणि ज्यांना आपल्या शब्दांचा दाम कळतो त्यांना ते मिळतेही. हे मुद्दाम सांगते, कारण कविता लिहिणाऱ्या मुलींच्या आया मला विचारतात, ‘यात काही मिळतं का हो ताई?’ मिळते.

माझे सर्वांत नियमित काम मंगलाष्टकांचे. आमच्या खानापूर तालुक्यातली आणि आटपाडीकडची गलाई व्यवसायातली कुटुंबे देशभर पांगली आहेत. सोने-चांदी गाळायच्या धंद्यासाठी कुणी केरळात आहे, कुणी पंजाबात, कुणी तमिळनाडूत. लग्न मात्र गावी येऊन करतात. तिकडून फोन येतो, पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर नावांची यादी येते : मुलगा, मुलगी, दोघांचे आईवडील, आजोबा, मामा, कुलदैवत, गाव. ‘मामाचं नाव सुटता कामा नये’ अशी तंबीही असते. ही सगळी नावे शार्दूलविक्रीडित या वृत्तात बसवायची. एका ओळीत १९ अक्षरे, बाराव्यावर यती म्हणजे थांबा, लघुगुरूचा, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराच्या अक्षरांचा, क्रम ठरलेला. आता ‘अभिजित’ हे नाव घ्या. चारही अक्षरे लघू. या वृत्तात सलग तीनच लघू येतात, तेही एकाच जागी, नवव्यापासून अकराव्या अक्षरापर्यंत. बारावे गुरूच लागते. म्हणजे अभिजितला बरोबर त्या जागी आणायचे आणि पुढचा शब्द जोडाक्षराने सुरू करून ‘त’ गुरू करून घ्यायचा. एवढे करून ओळ ओढूनताणून आणल्यासारखी वाटता कामा नये, कारण अक्षता हातात घेऊन उभी असलेली मुलीची आजी ती ऐकणार असते. पाच अष्टकांना दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. मी दीड हजार रुपये घेते. निम्मे आधी, निम्मे मजकूर पसंत पडल्यावर. गलाईवाल्या घरांनी यात कधी घासाघीस केलेली मला आठवत नाही. हातातल्या कामाची किंमत त्यांना कळते.

मंगलाष्टकांचे पैसे एकदाच मिळतात, हे नव्याने लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. धार्मिक विधी आणि वरातीसारखे लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणे म्हटले वा वाजवले, तर कॉपीराइट कायदा त्याला सूट देतो. मला ते मान्य आहे. लग्नघरी कुणी परवान्याचा कागद मागत उभे राहू नये. पण म्हणूनच जे घ्यायचे ते लिहितानाच पुरेसे घेतले पाहिजे. आणि ही सूट समारंभात गाण्यापुरती आहे. एका निवेदकाने माझी अष्टके नावे बदलून दुसऱ्या घरी स्वतःची म्हणून विकली. असे विकण्याला कायदा कुठलीही सूट देत नाही.

मंडळांचे आणि निवडणुकांचे काम याच्या उलट. तिथे पैसा असतो, फक्त शब्दांच्या नावाने काढलेला नसतो. प्रचारगीताची गाडी, तिच्यावरचे भोंगे, स्टुडिओ, गायक, डिझेल, कार्यकर्त्यांचा नाश्ता, सगळ्याची बिले होतात. लिहिणाऱ्याला ‘तू आपल्याच घरातला’ म्हणतात. घरातल्या माणसालाही लाइटबिल भरावे लागते. उमेदवाराला निवडणूक खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो; त्यात गीतलेखनाची एक पावती सहज बसेल. मी आता पावतीपुस्तक सोबत नेते. पावती समोर ठेवली की देणारा आकडा विचारतो, ती नसली की विषय बदलतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी अडचण चालीची. मंडळवाले येतात ते एखादे गाजलेले गाणे मोबाइलवर वाजवत, ‘ह्याच चालीवर आमच्या राजाचं करून द्या.’ पटकन होते, लोकांच्या तोंडात चाल असते, हे खरे. पण असे गाणे यूट्यूबवर चढवले की चालीचा मालक दावा लावतो आणि जाहिरातीचे जे काही पैसे येतील ते तिकडे वळतात. चाल दुसऱ्याची, पैसे दुसऱ्याचे, आपल्या चार अंतऱ्यांना वाटा नाही. त्यापेक्षा आपल्याच भागातल्या एखाद्या पोराकडून नवी चाल बांधून घ्या. मिरजेसारखे तंतुवाद्यांचे गाव आपल्या जिल्ह्यात आहे, भजनी मंडळ गावोगाव आहे, हार्मोनियमवर बोटे फिरवणारी मुले गल्लोगल्ली आहेत. नव्या चालीवर लिहायला मला दुप्पट वेळ लागतो. संगीतकार नुसते गुणगुणून डमी पाठवतो, त्यातल्या प्रत्येक ‘ला ला’वर अक्षर बसवावे लागते, आणि जिथे सूर लांबतो तिथे आकारान्त शब्द शोधावा लागतो. पण ते गाणे आपले राहते.

ते आपले राहते म्हणजे काय, हे लिहिणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. पूर्वी निर्मात्याने एकदा पैसे टाकले की शब्द त्याचे होऊन जात आणि गाणे जन्मभर वाजले तरी गीतकाराला पुढे काही मिळत नसे. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर भांडले. आता गीतकाराने हक्क लिहून दिले तरी चित्रपटगृहाबाहेर गाणे जिथे जिथे वापरले जाईल, तिथल्या रॉयल्टीत, म्हणजे वापरापोटी येणाऱ्या पैशांत, त्याचा बरोबरीचा वाटा राहतो. चित्रपटात नसलेल्या, नुसत्या ध्वनिमुद्रित गाण्यालाही हे लागू आहे. हा वाटा सोडून देता येत नाही. कागदावर ‘सोडला’ असे लिहून घेतले तरी तो सुटत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षे धरली जातात. आणि शब्द माझे आहेत असे सांगण्याचा हक्क तर सगळे विकल्यावरही लेखकाकडेच राहतो. म्हणजे नाव लावणे हा कुणाचा मोठेपणा नाही.

हा वाटा गोळा करून वाटण्याचे काम मुंबईची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. ती १९६९ पासून आहे आणि नव्या कायद्याखाली २०१७ मध्ये पुन्हा नोंदली गेली. गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद होतात. रेडिओ, टीव्ही, ऑनलाइन, जाहीर कार्यक्रम इथे वाजलेल्या गाण्यांचे पैसे तिच्यामार्फत येतात. सभासद नसाल आणि गाणे तिथे नोंदवलेले नसेल, तर तुमचे पैसे तुमच्यापर्यंत पोचायला वाट नाही. स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही पटकथालेखकांइतकीच गीतकारांचीही संघटना आहे. तिच्या सभासदाला आपले शब्द कुणाला ऐकवण्याआधी ऑनलाइन नोंदवून ठेवता येतात. सरकारी कॉपीराइट नोंदणीचे शुल्क एका रचनेला ५०० रुपये आहे. ती सक्तीची नाही, पण वाद झाला तर उपयोगी पडते. विट्यातून, जतमधून, शिराळ्यातून हे सगळे मोबाइलवर होते. रक्कम सुरुवातीला किरकोळ येईल. माझीही किरकोळच येते. तरी बँकेत ती ‘गीतकार’ म्हणून जमा होते, आणि पुढच्या निर्मात्याशी बोलताना माझा आवाज वेगळा निघतो.

मागे एका अल्बमवाल्याने मला करारनामा पाठवला होता. ‘शब्दांचे सर्व हक्क कायमस्वरूपी निर्मात्याकडे’, आणि मोबदल्याच्या रकान्यात ‘प्रसिद्धी’. मी त्यावर तीन दुरुस्त्या करून तो परत पाठवला : रक्कम लिहा, मुदत पाच वर्षे लिहा, व्हिडिओवर आणि वर्णनात नाव लिहा. त्यांचा फोन पुन्हा आला नाही. तेच गाणे पुढे दुसऱ्याने घेतले, तिन्ही अटींसह, आणि वर म्हणाला, ‘ताई, असं आधी कुणी मागितलंच नव्हतं.’ मला वाटते, खरी गोष्ट हीच आहे. बहुतेक देणारे वाईट नसतात. मागणारेच इतके कमी की शब्द फुकट असतात अशी समजूत होऊन बसली आहे.

ही समजूत या मातीत रुजावी याचे मला फार वाईट वाटते. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव तमाशासाठी लिहीत राहिले. लावण्या सगळ्या महाराष्ट्राने ऐकल्या आणि त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. शेटफळ्यात जन्मलेले गदिमा कोल्हापूरच्या चित्रपट कंपनीत शिरले ते पोटासाठी, आणि लिहिणे हा त्यांचा रोजचा धंदा होता. आपण त्यांच्या जयंत्या करतो, कमानी उभारतो, आणि त्याच कार्यक्रमात ईशस्तवन लिहून देणाऱ्या शिक्षिकेला नारळ देऊन पाठवतो. नारळाबरोबर पाकीट द्या.

अलीकडे आणखी एक ऐकू येते : ‘तुम्ही पैसे मागत असाल तर मोबाइलवर एआयकडून लिहून घेतो.’ घ्यावे. पण माणदेशातल्या एका गावच्या यात्रेसाठी तसे गाणे झाले आणि त्यात देवीच्या देवळाच्या पायरीशी नदी वाहत होती. त्या गावाला नदी नाही. उन्हाळ्यात तिथे टँकरने पाणी येत असे. यात्रेत ते गाणे वाजले तेव्हा म्हातारी माणसे एकमेकांकडे बघत राहिली. गावाचे गाणे लिहायचे तर गावात जावे लागते, पुजाऱ्याशी, गुरवाशी, पालखीच्या भोयांशी बोलावे लागते. माझ्या मानधनात एसटीचे तिकीट आणि तो दिवस धरलेला असतो.

आपल्याकडे मागणे दोन आहेत. गाण्याच्या प्रकाशनाची बातमी आली की वार्ताहराने गीतकाराचे नाव विचारावे, आणि मुखडा छापायचा असेल तर नावाशिवाय छापू नये. दुसरे, गणपती-नवरात्राच्या आधी आपण मंडळांसाठी मंडप, वीज, मिरवणूक यांच्या सूचना छापता, त्यात एक ओळ घालावी : गाण्याच्या अंदाजपत्रकात शब्दांचा खर्च स्वतंत्र दाखवा. माझ्या अंदाजाने, स्टुडिओच्या बिलाचा पाचवा हिस्सा लेखकाला दिला तरी आज जे चालले आहे त्याहून ते कितीतरी बरे होईल.

वकिलांकडून तपासून घेतलेला एक पानी मराठी करारनामा मी टाइप करून ठेवला आहे. त्यात गाण्याचे नाव, रक्कम, आगाऊ किती, मुदत, नाव कुठे लागेल आणि रॉयल्टीचे कलम एवढेच आहे. त्याच्या प्रती आपल्या विटा कार्यालयात ठेवायला मी तयार आहे. लिहिणाऱ्या कुणीही तिथून फुकट न्याव्यात, गाव आणि रक्कम भरावी आणि मंडळाच्या अध्यक्षांची सही घेऊनच वही उघडावी.

आपली,
एक वाचक व गीतकार,
विटा, ता. खानापूर, जि. सांगली