बृहत् आराखडा की बिंदूंची यादी?

संपादक महोदय,

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा, म्हणजे नवी महाविद्यालये कुठे हवीत याचे नियोजन, करावा लागतो. सध्याचा २०२४-२९ चा. चर्चा मात्र फक्त बिंदूंची होते : कोणत्या तालुक्यात किती नवी महाविद्यालये. संस्थाचालकांना तेवढ्यातच रस, हे उघड आहे.

खरे गणित वेगळे आहे. २०२८-२९ मध्ये प्रथम वर्षाला येणारी मुले २०२३-२४ मध्ये आठवीत होती. त्यांची पटसंख्या यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीवर, आहे. तिला बारावीपर्यंतच्या गळतीचे प्रमाण लावून शाखानिहाय विभागणी केली, की मागणीचा बऱ्यापैकी अंदाज येतो. त्यातून सध्याच्या महाविद्यालयांतील सर्व जागा, रिक्त राहणाऱ्याही, वजा करायच्या. ही वजाबाकीच बहुधा राहून जाते. मग मंजूर क्षमता वाढते आणि वर्ग ओस पडतात. जिल्ह्याच्या हद्दीपलीकडचे, पण एसटीने जवळ असलेले महाविद्यालय तर हिशेबातच येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणातील चार वर्षांच्या पदवीच्या चौथ्या वर्षाचेही तसेच. २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात जाईल. संशोधनासह पदवी घेणाऱ्यांना मार्गदर्शक लागतील, विज्ञानाला प्रयोगशाळेत जागा. पुढील पाच वर्षांतल्या प्राध्यापकांच्या निवृत्ती तर सेवापुस्तकांतून आजच कळतात.

बृहत् आराखड्यानुसार दरवर्षी होणारा वार्षिक आराखडा मंजूर करताना विद्यापीठाच्या अधिसभेने (सिनेटने) प्रत्येक बिंदूसोबत लगतच्या महाविद्यालयांतील तीन वर्षांचे प्रवेश आणि प्राध्यापकांची रिक्त पदे यांचा तक्ता मागावा. तक्ता नसेल तर तो बिंदू पुढच्या वर्षावर ढकलावा.