त्या दोघींच्या साड्या

प्रिय बाळा,

परवा मी एवढंच विचारलं होतं की ऊसतोडीचे सगळेच्या सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट का केलेस, आणि तू म्हणालास आई तुला त्यातलं काय कळतंय. त्यावरून एवढं बोलणं वाढलं आणि तू न जेवता बीडची एसटी धरलीस. बाबा आल्यावर विचारत होते, मी काही बोलले नाही.

आता डॉक्युमेंटरी वगैरे मला कळत नसेल, पण रंग कळतो रे. लग्न होऊन आले तेव्हापासून स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून फोटो रंगवायचे मी. काडीला कापूस गुंडाळायचा, रंग इतका पातळ घासायचा की खालची सावली दिसली पाहिजे, ग्लॉसी कागदावर तो बसायचाच नाही, मॅटच लागायचा. लोक वारलेल्या आईचा जुना फोटो घेऊन यायचे. साडी कसली होती विचारलं की साल-तारखेला अडखळणारी माणसं रंग मात्र झटकन सांगायची, मोरपंखी, काठ डाळिंबी. एक आजोबा तर काठ चुकला म्हणून फोटो परत घेऊन आले, काउंटरवर बोटं ठेवून दाखवलं एवढा रुंद होता म्हणून, आणि तिथंच रडायला लागले. सुधाकाका तेव्हा बाहेर बसायचा, त्यानं त्यांना पाणी दिलं.

म्हणून त्या दोघी जावांचा फोटो बघून मला कसंतरी झालं. तो मी आधी तुझ्या कॅमेऱ्यात रंगीत बघितला होता, एकीची साडी हिरवीगार, दुसरीची लालभडक, डोक्यावर मोळ्या, मागं फड. तू केलेल्या प्रिंटमध्ये दोन्ही साड्या एकाच राखाडीत गेल्या, कारण सारख्याच उजेडाचा लाल आणि हिरवा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सारखाच उतरतो, हे तुला मी सांगायला नको. दोन वेगळ्या बायका होत्या, त्या नुसत्या मजूर झाल्या. अंधारात उठायचं, कोपीबाहेर, म्हणजे त्या झोपडीबाहेर, चूल पेटवायची, पोर पाठीशी घेऊन फडात जायचं, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची, आणि नवरा-बायको मिळून मोजायचे एक कोयता म्हणून. त्यात तिचं स्वतःचं म्हणून जे दिसतंय ते तरी काढून घेऊ नये बाबा. आणि ब्लॅक अँड व्हाइट बघितलं की बघणाऱ्याला वाटतं हे पूर्वीचं काहीतरी, आता कुठं असं राहिलंय, पण हे तर यंदाच्या हंगामातलं आहे, आपल्या शिरोळकडच्या फडातलं. निदान एडिटिंगमध्ये तो लाल जरा उजळ तरी कर.

रात्री ट्रक भरतानाचा फोटो मात्र तसाच ठेव. हेडलाइटच्या उजेडात फळीवरून चढणारा तो माणूस, मानेची शीर न शीर दिसते, तिथं रंग मध्ये आला असता. तो फोटो मी सगळ्या गल्लीला दाखवला, माझ्या पोरानं काढलाय म्हणून.

भोपाळचे ते दोन फोटो तूच मला दाखवले होतेस ना. १९८४ सालचे, पुरताना मातीतून वर दिसणारा त्या लेकराचा चेहरा, रघू राय यांचा ब्लॅक अँड व्हाइट आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांचा रंगीत, ज्याला वर्ल्ड प्रेस फोटोचं त्या वर्षीचं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते लेकरू कुणाचंही वाटतं. रंगीत बघताना मला वाटलं की हे कुणाचं तरी एकाचंच आहे, त्याला आई असणार. दोन्ही खरंच आहे, त्यामुळं मी ब्लॅक अँड व्हाइटला वाईट म्हणत नाही, फक्त घरातून निघतानाच ठरवून निघू नकोस. आणि रॉमध्येच काढ, कॅमेऱ्याच्या त्या कच्च्या फाइलमध्ये, स्क्रीनवर काळंपांढरं दिसलं तरी फाइलमध्ये रंग राहतो, नुसता जेपेग ठेवलास तर गेला तो गेला.

परत लेक्चर झालं, सॉरी.

मला साड्यांचीच काळजी आहे असं नाही रे. जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेलास, सगळा डोंगर गुलालानं गुलाबी, सासनकाठ्या नाचतायत, आणि तू तेही राखाडी करून आणलंस, तेव्हापासून माझ्या मनात आहे. लहानपणी रंकाळ्यावर फुगेवाल्याच्या मागं मागं कॅमेरा घेऊन फिरायचास. सुधाकाकाचंही असंच झालं, आधी बोलणं कमी, मग रात्रभर लाइट चालू. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं मी. तू तसा नाहीस, तू काम करतोयस, असली कामं करायला किती जण जातात? बाबा म्हणतात तुला सगळ्यात तेच दिसतं. दिसतं खरं. पण पहाटे पहाटे तू ऑनलाइन असतोस, झोप लागते का तुला?

तिथं त्या जावा भेटल्या आणि त्यांना फोटो देणार असलास तर रंगीत दे, मॅट कागदावर, पैसे मी पाठवते. प्रदर्शनाला काय लावायचं ते तुझं तू ठरव, मी काही बोलणार नाही. आणि झोपेचं खरं काय ते कळव.

तुझी आई