ईगलचं छत

केंब्रिज,
१ मार्च २०२६

प्रिय सुध्या,

काल २८ फेब्रुवारी. तुझ्या कॉलेजात विज्ञान दिनाची रांगोळी, रामनच्या फोटोला हार आणि लांबलेलं भाषण हे सगळं यथासांग झालं असणार. मी मात्र ईगलमध्ये जाऊन बसलो. बारावीच्या पोरांना तू दरवर्षी रंगवून सांगतोस तोच हा पब. वॉटसनबरोबर डीएनएची रचना शोधणारा फ्रान्सिस क्रिक १९५३ साली याच तारखेला दुपारी जेवायच्या वेळी आत शिरला आणि 'आम्हाला जीवनाचं रहस्य सापडलं' असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, ती गोष्ट. काल वारही १९५३ सारखाच शनिवार होता.

पण लेका, त्या गोष्टीत पाणी आहे. ती लिहिली त्याचा जोडीदार वॉटसननं, १९६८ साली. क्रिकला मात्र असं काही बोलल्याचं आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं ते घरी जाऊन बायकोला सांगितलेलं. आणि ओडील काय म्हणाली माहितीये? हा नेहमी घरी येऊन असलं काहीतरी सांगायचा, म्हणून मी लक्षच दिलं नाही! पोरांना हे सांग, जास्त हसतील.

वॉटसन आणि क्रिक इथे रोज जेवायला यायचे हे मात्र खरं. ते काम करायचे ती कॅव्हेंडिश प्रयोगशाळा तेव्हा शेजारच्याच गल्लीत होती. पब १६६७ पासूनचा. एके काळी इथे घोडागाड्या थांबायच्या, चौकातल्या लाकडी सज्ज्यावरून ते अजून कळतं. जागा कॉर्पस क्रिस्टी कॉलेजच्या मालकीची आहे. कॉलेजनं दारूचा गुत्ता भाड्यानं दिलाय हे तुझ्या प्राचार्यांच्या कानावर घालू नकोस. वरची एक खिडकी कायम उघडी ठेवतात, आगीत गेलेल्या मुलीच्या भुतासाठी म्हणे. असो.

मी खरा रमलो तो मागच्या खोलीत. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या तळांवरचे वैमानिक इथे यायचे, ब्रिटिश आणि अमेरिकनही. खुर्च्या-टेबलांवर चढून त्यांनी मेणबत्तीच्या काजळीनं, लायटरनं, कुणी तर लिपस्टिकनं, छतावर नावं आणि तुकड्यांचे आकडे लिहिले. यातले कितीतरी परत आलेच नसतील. पुढे नव्वदच्या दशकात हवाई दलातल्याच एका निवृत्त माणसानं खपून ती अक्षरं वाचली, जपली. मान मोडेपर्यंत वर बघत बसलो. बिअर कोमट झाली. (इथे तशीही कोमटच देतात.)

बाहेरच्या भिंतीवर वॉटसन-क्रिकचा फलक होता. २००३ साली वॉटसननंच त्याचं अनावरण केलेलं. त्यावर रोझलिंड फ्रँकलिनचं नाव नव्हतं. ती एक्स-रेनं डीएनएचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. तिच्या प्रयोगशाळेतला डीएनएचा एक्स-रे फोटो क्रमांक ५१ तिला न विचारता वॉटसनला दाखवला गेला. १९५८ साली ती गेली आणि १९६२ चं नोबेल वॉटसन-क्रिकला आणि तिच्या सहकाऱ्याला, विल्किन्सला, मिळालं. मग कुणीतरी पेननं फलकावर खरडलं, 'अधिक फ्रँकलिन'. पुढे नवा फलक लागला, त्यात तिचं नाव रीतसर आहे. पण मला तो पेनवाला, किंवा पेनवाली, जास्त आवडते. छतावरच्या पोरांच्याच जातकुळीतली.

मेमध्ये येतोयस ना? तू पीत नाहीस तर नको पिऊस, छत बघायला पैसे पडत नाहीत. तिकिटाचं काय झालं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंद्या