कटऑफच्या शेजारी प्राध्यापकांची संख्याही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागला की सगळ्याच वृत्तपत्रांत कॉलेजांच्या कटऑफचे तक्ते येतात. घरोघरी ते कापून ठेवले जातात, मुलाचे टक्के त्यात बसवून पाहिले जातात आणि त्याच उतरत्या क्रमाने पसंतीक्रम भरला जातो. गेल्या वर्षी तिथे किती टक्क्यांची मुले आली, एवढेच या आकड्यावरून कळते. त्यांना पुढे कोणी आणि किती शिकवले, याचा त्यात मागमूस नसतो.

तो आकडा फुगतो कसा, हेही पाहायला हवे. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत निम्म्यापर्यंत जागा त्या समाजासाठी असतात. चर्चगेट परिसरातली के. सी., एच. आर., जयहिंद ही सिंधी भाषक अल्पसंख्याकांची कॉलेजे, तर पार्ल्याचे मिठीबाई गुजराती भाषकांचे. अकरावीला त्यावर १० टक्के इनहाऊस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी) आणि ५ टक्के व्यवस्थापन कोटा. पदवीला तर आपल्याच ज्युनियर कॉलेजची मुले आधी घेतली जातात. उरलेल्या मूठभर जागांवर अख्खी मुंबई तुटून पडते आणि कटऑफ चढतो. त्यातला बराचसा चढ निव्वळ जागांच्या टंचाईचा असतो. म्हणूनच ज्याला पुढे त्याच कॉलेजात पदवी करायची आहे, त्याने अकरावीचा अर्ज भरतानाच पाच वर्षांचा विचार करावा.

खरी पाहायची गोष्ट आहे विभाग. राज्यभर अनुदानित कॉलेजांत पूर्णवेळ पदे रिकामी आहेत आणि तिथे तासिका तत्त्वावर माणसे नेमून काम भागवले जाते. त्यांना मोबदला तासाचा मिळतो, म्हणून अनेकांना पोटासाठी दोन-तीन कॉलेजांत धावावे लागते. त्यांच्या शिकवण्यात खोट नसते, पण लेक्चर संपले की पुढची गाडी पकडायची असते. मग जर्नल तपासायला, प्रोजेक्टवर अर्धा तास बसायला, शिफारसपत्र लिहायला विभागात माणूस उरत नाही. एकाच नामांकित कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा विभाग भरलेला आणि सांख्यिकीचा एका माणसावर चाललेला, असे सहज असू शकते. कॉलेजच्या नावावरून हे कळत नाही.

हे घरबसल्या तपासता येते. नॅक या कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून मूल्यांकन झालेल्या कॉलेजला दरवर्षी एक्यूएआर हा गुणवत्ता अहवाल द्यावा लागतो. कॉलेजच्या संकेतस्थळावर आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) या नावाखाली त्याची पीडीएफ असते. अहवाल लांबलचक असतो, सगळा वाचायची गरज नाही. २.२.२ या मुद्द्यात विद्यार्थी आणि पूर्णवेळ शिक्षकांचे गुणोत्तर, २.४.१ मध्ये मंजूर पदांच्या तुलनेत भरलेली पदे, ५.२.१ आणि ५.२.२ मध्ये नोकरीला लागलेले आणि पुढे शिकायला गेलेले विद्यार्थी दिलेले असतात. हे आकडे संपूर्ण कॉलेजचे असतात, म्हणून पुढची पायरी स्वतः चढावी लागते: आपल्या विषयाच्या विभागाचे पान उघडून नावे मोजायची. मग एका कामाच्या दिवशी गेटवर उभे राहून तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारायचे. ‘कॉलेज कसे आहे?’ असे विचारले तर ‘छान आहे’ हेच उत्तर मिळते. ‘गेल्या आठवड्यात वेळापत्रकातली किती लेक्चर्स प्रत्यक्ष झाली?’ असे विचारावे. रसायनशास्त्राच्या मुलाला विचारावे की प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये किती जण आणि ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) प्रत्येकाला मिळते की तिघांत एक. तिघांत एक असेल तर टायट्रेशनचा प्रयोग एक जण करतो, बाकी दोघे त्याचे रीडिंग उतरवून घेतात, आणि तीन वर्षांनी पदवी हातात येते पण हात तयार झालेला नसतो.

नॅकची श्रेणी पाहताना तिचे वर्षही पाहा, कारण तिला मुदत असते. रुईया, झेवियर्स, वझे यांसारखी कॉलेजे स्वायत्त आहेत. म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच. त्यामुळे दोन स्वायत्त कॉलेजांत एकाच विषयाचा अभ्यासक्रम वेगळा असू शकतो. तो उघडून वाचल्याशिवाय अर्ज करू नये.

फीबाबत गफलत नेहमीची. अनुदानित कॉलेजातही सगळे अभ्यासक्रम अनुदानित नसतात. त्याच इमारतीत बीकॉमची फी एक आणि बीएएफ (अकाउंटिंग अँड फायनान्स) किंवा बीएस्सी आयटीची कितीतरी पट अधिक असते. २०२४-२५ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आल्यावर त्यांना सीईटी ही प्रवेश परीक्षा लागू झाली आणि अनेक कॉलेजांनी बीएमएसचे नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) केले. सीईटी न दिलेल्या मुलांनी अभ्यासक्रमाचे नेमके नाव वाचूनच पुढे जावे.

आता प्रवासाबद्दल, कारण मुंबईत मुलांचा बराच वेळ रुळांवर जातो. बदलापूरच्या मुलीने चर्चगेटचे कॉलेज घेतले तर दादरला गाडी बदलणे आले. सकाळी सातच्या आसपासचे लेक्चर म्हणजे पहाटेची लोकल. घरापासून वर्गापर्यंत दोन तास धरले तर जाऊन-येऊन रोजचे चार. वर्षाला १८० शिकवण्याचे दिवस धरले तर ७२० तास. चार क्रेडिटच्या (श्रेयांकांच्या) थिअरीच्या विषयाला वर्गात ६० तास मिळतात. म्हणजे बारा विषयांची लेक्चर्स गाडीत गेली. पसंतीक्रम भरण्याआधी एकदा खऱ्या वेळेला, खऱ्या गर्दीत जाऊन यावे, परतीचा संध्याकाळचा प्रवासही करावा. माटुंग्याला रुईया, पोदार मध्य रेल्वेच्या स्टेशनजवळ आणि रुपारेल पश्चिम रेल्वेच्या माटुंगा रोडजवळ आहे. अशा छोट्या फरकाने रोजची एक गाडी वाचते.

अर्जातल्या चुका थोड्याच, पण महागात पडतात. अकरावीला एकाच अर्जात दहापर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. म्हणून पहिल्या ओळीत ‘बघू या’ म्हणून कुठलेही नाव टाकू नये, आणि दहाही नावे आवाक्याबाहेरची देऊ नयेत. पदवीला उलटे आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून थांबणारी मुले दरवर्षी असतात, पण प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि गुणवत्ता याद्याही कॉलेजेच लावतात.

एका कॉलेजात पैसे भरल्यावर दुसरे मिळाले तर घाबरू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत मिळते (प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्के, तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात). त्यानंतर पण अंतिम तारखेपूर्वी ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि पुढे काही नाही. मूळ प्रमाणपत्रे तपासून परत द्यायची असतात, अडकवून ठेवता येत नाहीत. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि पोचेवर तारखेचा शिक्का घ्यावा. हा शिक्का नसला की टक्केवारीचा वाद सुरू होतो.

प्रवेश झाल्यावर पहिले सत्र वाया घालवू नये, कारण मायनर (दुय्यम) विषय आणि क्रेडिटचा हिशोब तेव्हाच सुरू होतो. क्रेडिट जमा होतात त्या एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यातले नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, ते पहिल्याच महिन्यात पाहावे. ७५ टक्के हजेरी ही टर्मची अट आहे. डिफॉल्टरच्या, म्हणजे कमी हजेरीवाल्यांच्या, यादीत नाव आल्यावर डॉक्टरांचे सर्टिफिकेट शोधण्यापेक्षा दर महिन्याला आकडा विचारावा. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घ्यायचे तर दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर वेळापत्रकात बसते का, ते आधी पाहावे. ग्रंथालयात बुक बँक (पुस्तकांचे संच देणारी योजना) असते का, हे पहिल्याच आठवड्यात विचारावे. पहिल्या महिन्यात संच संपलेले असतात. आणि विभागातल्या एका तरी प्राध्यापकांकडे महिन्यातून एकदा शंका घेऊन जावे. तिसऱ्या वर्षी शिफारसपत्र लिहिताना त्यांना चेहरा आठवला पाहिजे.

माझी आपल्याला विनंती आहे. यंदाच्या कटऑफच्या तक्त्यात आणखी तीन रकाने वाढवावेत: मंजूर पदे आणि भरलेली पदे, अभ्यासक्रमाची वर्षाची संपूर्ण फी, आणि नॅक श्रेणीचे वर्ष. ज्या कॉलेजचा अहवाल संकेतस्थळावर सापडणार नाही, त्याच्यापुढचा रकाना रिकामाच छापावा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, मुलुंड (पूर्व)