कीबोर्ड माझ्याकडे सरकवणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

इंग्रजीतलं आभाराचं पत्र तुला मिळालं आणि तुझं उत्तरही आलं. ते उत्तर वाचून मला राहवलं नाही, म्हणून हे दुसरं पत्र. हे मराठीत आहे, तुला वाचता येणार नाही. पण तू जे केलंस ते तुझ्याआधी ज्यांनी करायला हवं होतं, त्यांना मराठी चांगलं येतं. आभार तुझे आहेत. बाकीच्यांनी बाजूला उभं राहून ऐकलं तरी चालेल.

ताई म्हणते म्हणून हसू नकोस. तुमच्या अमेरिकेतल्या ग्रिनेल कॉलेजात सगळेच एकमेकांना नावानं हाक मारतात, प्राध्यापकांनासुद्धा, आणि मला ते शेवटपर्यंत जड गेलं. तू दोनच वर्षांनी मोठी, पण आमच्याकडे ताई म्हणायला तेवढी पुरतात. तुझं नाव इथे लिहीत नाही. तुला ते आवडणार नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तुमच्या कॉलेजात पाय ठेवला तेव्हा कम्प्युटर सायन्समध्ये मला जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क होते. महाराष्ट्रात अकरावी-बारावी सायन्सला 'बायफोकल' नावाचा प्रकार असतो, त्यात कम्प्युटर सायन्स हा २०० मार्कांचा विषय. मार्क पडतात म्हणून त्याला गर्दी. सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, एचटीएमएल, आणि इंटेलचा ८०८५ मायक्रोप्रोसेसर, जो १९७६ साली आला आणि आमच्या प्रॅक्टिकलच्या टेबलावरून उठायचं नाव घेत नव्हता.

लॅबमध्ये एका मशीनला चार-पाच जण. पुढच्या खुर्चीत कोण बसणार हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तरी ते ठरलेलं होतं. दोन पोरं बसायची, आम्ही मुली मागे उभ्या. एकदा सर फेरी मारताना थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले. "मुलींचं अक्षर छान असतं. तुम्ही जर्नल पूर्ण करा, मशीनचं पोरं बघतील." सर दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. त्यांना ती कामाची वाटणी वाटली. सगळ्यांची जर्नलं वेळेत पूर्ण झाली, ग्रुपचा प्रोग्राम चालला, कुणाची तक्रार आली नाही. माझं जर्नल तर उतरवून घ्यायला वर्गभर फिरायचं. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते चाळलं, लाल समासाचं कौतुक केलं आणि दोन-तीन ऑपकोड, म्हणजे मायक्रोप्रोसेसरला द्यायच्या आज्ञांचे आकडे, विचारले. ३ई म्हणजे एमव्हीआय ए, ७६ म्हणजे हॉल्ट. आजही झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. प्रोग्राम चालवून दाखवायचा होता, तो लॅब असिस्टंटनं चालवला. ८०८५ च्या त्या प्रॅक्टिकल किटवरची बटणं मी स्वतःच्या बोटानं कधी दाबलीच नव्हती.

ग्रिनेलला कशी पोचले ती कथा अर्ज, निबंध आणि शिष्यवृत्तीची आहे, ती राहू दे. आमच्याकडच्या ॲडमिशनवाल्या कन्सल्टंटच्या यादीत तुमचं कॉलेज नव्हतंच. आयोवाच्या मक्यात, नऊ-दहा हजार वस्तीच्या गावात, जेमतेम सतराशे विद्यार्थ्यांचं कॉलेज, वर इंजिनिअरिंगची शाखा नाही. "असल्या ठिकाणी कोण जातं?" म्हणाला. नातेवाइकांत बातमी गेली ती अशी, की पोरगी कम्प्युटर सोडून आर्ट्सला गेली, आणि तेही अमेरिकेत. मामा अजूनही विचारतो, इंजिनिअर नाही तर मग नक्की काय?

मग ते पहिलं सत्र. नॉइस सायन्स सेंटरमधली लॅब आणि स्कीम नावाची भाषा. तुमच्याकडे पहिल्याच कोर्सला ती का घेतात हे मला फार पुढे कळलं: शाळेतून जावा किंवा पायथन शिकून आलेल्या मुलांनीही ती सहसा पाहिलेली नसते, त्यामुळे सगळे बऱ्यापैकी एका रेषेवर येतात. दोन अधिक तीन असं सरळ लिहायचंच नाही. कंस उघडायचा, आधी अधिकचं चिन्ह, मग दोन, मग तीन, मग कंस बंद: (+ २ ३). व्याख्यान असं जवळपास नव्हतंच. घरून वाचून यायचं, प्राध्यापक थोडं बोलणार, की लगेच दोघादोघांच्या जोड्या आणि समोर मशीन. एकानं टाइप करायचं तो ड्रायव्हर, दुसऱ्यानं बघायचं, विचार करायचा, चुका दाखवायच्या तो नॅव्हिगेटर. मधूनमधून अदलाबदल.

कागदावर अदलाबदल. माझा जोडीदार भला मुलगा होता, टाइप मात्र पावसासारखा करायचा. दर दोन ओळींनी मान वळवून विचारायचा, "कळतंय ना?" मी मान हलवायचे. मान हलवण्यात मी दोन वर्षांत तरबेज झालेच होते. तास संपत आला की तो म्हणायचा, पुढच्या वेळी तू कर हं. पुढच्या वेळी जोड्या बदललेल्या असायच्या आणि नवा जोडीदारही असाच भला असायचा. भल्या माणसांची ही एक पंचाईतच आहे. त्यांच्यावर चिडता येत नाही.

त्या दिवशी तू आमच्या टेबलापाशी आलीस. वर्गात फिरणाऱ्या मेंटर म्हणजे तुमच्यासारख्या वरच्या वर्षाच्या मुली, कारण ग्रिनेलमध्ये एमएस-पीएचडीचे विद्यार्थी नाहीतच. मला वाटलं, तू स्क्रीन बघून पुढे जाशील, कारण स्क्रीनवर सगळं बरोबर होतं. तू स्क्रीनकडे पाहिलंच नाहीस. गुडघ्यांवर बसलीस, त्याच्यासमोरचा कीबोर्ड उचललास आणि माझ्यासमोर ठेवलास. वायर त्याच्या पाण्याच्या बाटलीत अडकली, बाटली आडवी झाली, तू ती उचलून उभी केलीस. माऊसही इकडे आणलास. त्याला एक शब्द बोलली नाहीस. मला म्हणालीस, "आता तू." आणि निघून गेलीस.

मला कंस सापडेना. कम्प्युटर सायन्समध्ये पैकीच्या पैकी मार्क घेऊन आलेली मी, कीबोर्डवर कंस शोधत होते. नऊच्या आकड्यावर असतो, शिफ्ट दाबून. जोडीदारानं बोट पुढे केलं आणि परत घेतलं. मग त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि खरोखर त्यांवर बसला. यादीतला प्रत्येक आकडा दुप्पट करायचा एवढाच तो प्रश्न होता. एका बोटानं, अक्षर अक्षर करत लिहिला. एक कंस कमी पडला, एरर आला. कंस घातला, आणि खाली आकडे दुप्पट होऊन आले. वर्गात बाकीचे दोन प्रश्न पुढे होते. मी मात्र त्या आकड्यांकडे बघत बसले होते. ते मी आणले होते.

नंतर तू माझ्यासाठी केलंस ते मोजायला बसले तर हे पत्र संपणार नाही. रात्रीच्या मेंटर सेशनना माझे प्रोग्राम बघितलेस, बर्फात गाडी काढून डी मॉइनच्या विमानतळावर सोडलंस, पहिल्या इंटर्नशिपसाठी माझी खोटी खोटी मुलाखत घेतलीस आणि तीत मला सरळ नापास केलंस. थँक्सगिव्हिंगला होस्टेल रिकामं झालं तेव्हा घरी घेऊन गेलीस. लोक आभार मानतात ते अशा गोष्टींचे. मी इंग्रजी पत्रात त्यांचेच मानले आणि कीबोर्डचं एका ओळीत उरकलं, कारण इंग्रजीत ते फारच किरकोळ दिसत होतं.

आणि तुझं उत्तर आलं ते नेमकं त्या एका ओळीला. बाटली आठवते म्हणालीस. पुढे लिहिलंस, की ती काही तुझ्या मनाची थोरवी नव्हती. मेंटर म्हणून रुजू होताना प्राध्यापकांनी सांगितलं होतं, की जोडीत कोण टाइप करत नाही तिकडे आधी बघा, कोड नंतर बघा. शिवाय त्या कामाचे तासावर पैसे मिळत होते, तेव्हा फार आभार मानू नकोस.

ताई, तिथेच मला रडू फुटलं. कारण सूचना आमच्याकडेही होती. प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतः प्रॅक्टिकल करावं, ही अपेक्षा काही तुमच्या आयोवानं शोधून काढलेली नाही. पैसे आमच्याकडेही मिळत होते. सरांना पगार होता, असिस्टंटला होता, परीक्षकांना भत्ता होता. तुला सांगितलेलं काम तू केलंस, एवढंच. आणि हे 'एवढंच' मला बारावीपर्यंत कुणाकडून मिळालं नव्हतं. आपल्याकडे मोठ्या मनाच्या माणसांचे सत्कार होतात, शाली दिल्या जातात. मला हल्ली वाटतं, फेरी मारताना थांबून "तू का उभी आहेस?" एवढं विचारणाऱ्या माणसाचा सत्कार आधी व्हावा. त्याला मोठं मन लागत नाही. फक्त समोर बघावं लागतं.

यावर इकडचे म्हणतील, तिकडे पैसा आहे बाई. आहेच. तुमच्या कॉलेजनं इंटेलमध्ये सुरुवातीलाच पैसे घातले होते आणि आज सतराशे पोरांमागे दोन अब्ज डॉलरहून मोठा निधी आहे. माझी फी त्यातूनच भरली गेली, हे मी विसरलेले नाही. एका मशीनवर दोघं आणि एका मशीनवर पाच यातला फरक पैशाचा आहे, मान्य. पण पाचांत पुढच्या खुर्चीत रोज कोण बसतं, हा फरक पैशाचा नाही. आठवड्याला खुर्ची बदला म्हणायला कुठलं अनुदान लागतं?

तुमच्या शेताकडे जाताना तू गाडीत रॉबर्ट नॉइसची गोष्ट सांगितलीस ती आठवते? आपल्या सायन्सच्या इमारतीला ज्याचं नाव आहे तो. १९४८ साली होस्टेलच्या पार्टीसाठी त्यानं शेजारच्या शेतातून डुक्कर चोरलं आणि तो शेतकरी नेमका गावचा महापौर निघाला. मी हसले तर तू गंभीरपणे म्हणालीस, आयोवात हा गुन्हा आहे, गंमत नाही. त्याला एका सत्रासाठी कॉलेजातून काढलं. तेवढ्यावर निभावलं, कारण भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल त्याच्यासाठी मध्ये पडले. हेच गेल सर, ज्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये लागलेला ट्रान्झिस्टरचा, म्हणजे पुढे चिप ज्यांतून बनल्या त्या पुर्ज्याचा, शोध बातमीपुरता ठेवला नाही. तो जिथे लागला त्या बेल लॅब्समधून त्यावरचे तांत्रिक लेख मिळवले आणि मक्याच्या रानातल्या पोरांसमोर ठेवले. नॉइस १९४९ ला पदवीधर झाला आणि १९६८ ला गॉर्डन मूरबरोबर त्यानं इंटेल काढली. म्हणजे ज्या चिपचे ऑपकोड मी चांगल्या अक्षरात उतरवून काढले, तिच्यामागची कंपनी काढणाऱ्याला कुणीतरी वेळेवर त्या नव्या वस्तूपर्यंत पोचवलं होतं. माझ्या जर्नलमध्ये हे कुठेच नव्हतं. असतं तर मी तेही सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं असतं म्हणा.

तू पास होऊन गेल्यावर मीही मेंटर झाले. तुझं काम किती कठीण होतं ते तेव्हा कळलं. समोरची मुलगी चुकीच्या ठिकाणी कंस घालतेय, आपल्याला दिसतंय, बोटं शिवशिवतात. स्वतः टाइप करून दाखवणं हे मदतीसारखं दिसतं, आणि त्यात समोरच्याची खुर्ची पुन्हा हिसकावली जाते. मी दोन्ही हात मागे बांधून फिरायचे. मुलं मला 'हेडमास्तर' म्हणायची, अर्थात त्यांच्या भाषेत. आणि तेव्हाच लक्षात आलं, की त्या दिवशी तू मागे उभी राहून बघत बसली नाहीस. उभी राहिली असतीस तर मी एक अक्षरही टाइप केलं नसतं. मागे उभं राहून बघणं काय असतं हे मला पुरतं माहीत आहे. ते तुला कसं कळलं? हे मात्र प्राध्यापकांनी सांगितलेलं नसणार. मी मेंटर होताना मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या महिन्यात मामेबहिणीनं फोटो पाठवला. बारावी, बायफोकल, तेच जर्नल, तोच लाल समास. "ताई, अक्षर बघ ना," असं खाली लिहिलेलं. अक्षर खरंच सुंदर आहे. मी तिला फोन करून विचारलं, मशीनवर कोण बसतं? ती हसली आणि तिनं विषय बदलला. तिच्यासाठी मी जुना लॅपटॉप पाठवलाय, पण लॅपटॉपनं लॅबमधली खुर्ची हलत नाही. तिच्या सरांना पत्र लिहायचं मनात आहे. तिची आई नको म्हणते, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात आहेत. तेही खरंच.

तू भारतात येणार म्हणालीस, तर डिसेंबरअखेर ये. सोलापूर जिल्ह्यात तेव्हा हुरडा असतो. कोवळी ज्वारी शेतातच आगटीवर भाजतात आणि गरम गरम हातावर चोळून खातात. तुझ्या वडिलांना मका आणि डुकरं यांखेरीज काही माहीत नाही, त्यांनाही आण. आईनं तुझ्यासाठी इरकल साडी काढून ठेवली आहे आणि तुला पुरणपोळी किती लागेल याची चिंता ती आत्तापासून करते आहे. तुमच्या घरी काय करतात हे तिनं विचारलं होतं. मी 'शेती' एवढंच सांगितलंय. डुकरांचं तू आल्यावर बघू.

तुझी,
धाकटी