मोतीच्या पलंगाविषयी

चि. मीरास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले मोतीच्या पलंगाचे रेखाचित्र सावकाश पाहिले. पाठीला दिलेली कमान डौलदार आहे. पण त्या आराखड्यात मोती कुठे दिसत नाही. आवडलेल्या एका तयार गादीचे माप घेऊन तू तिच्याभोवती चौकट आखलीस. माझ्या मते आधी कुत्रा, मग पलंग आणि गादी सर्वांत शेवटी, असा क्रम हवा.

मोती उभा असताना नव्हे, तर गाढ झोपलेला असताना माप घे. तो कुशीवर पाय ताणून पडला की नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी आणि पाठीपासून पंजांच्या टोकापर्यंत रुंदी मोज, आणि दोन्हींत २० सेंटिमीटर मिळव. वेटोळे करून झोपला की त्याला एवढी जागा लागत नाही हे खरे. पण उकाडा वाढला की तोच मोती अंग पसरतो, म्हणून मोठेच माप धरावे. आलेला आकडा दाराच्या रुंदीशीही ताडून पाहा.

त्याचे वय लक्षात घेता उंचीबाबत मी अधिक आग्रही आहे. तू धरलेली ३० सेंटिमीटरची उंची तरुण कुत्रा एका उडीत गाठेल, परंतु सांधे आखडलेल्या कुत्र्याला तेवढे चढणेही नकोसे होते आणि तो निमूटपणे पलंगाशेजारी जमिनीवर पडून राहतो. खाली केर काढण्यापुरती आणि हवा खेळण्यापुरती ५ सेंटिमीटर जागा, वर लाकडाची जाडी आणि त्यावर ८ सेंटिमीटरचा घट्ट फोम, असा हिशेब केलास तर सारे १८ सेंटिमीटरच्या आत बसते. कठडा तीन बाजूंना असू दे, कारण त्याला हनुवटी टेकवायला काहीतरी लागतेच. पुढची बाजू मात्र पूर्ण मोकळी ठेव. फोमवर गुडघा रोवून खालच्या पट्ट्या जाणवतात का ते पाहा; जाणवल्या तर तो फोम त्याच्या वजनाला पुरणार नाही. त्याच्या डाव्या कोपरावर केस जाऊन जो काळपट, खरखरीत घट्टा पडला आहे, तसे घट्टे कठीण जमिनीच्या दाबानेच पडतात.

आता सांधे. फळीच्या टोकाकडून, म्हणजे तंतूंच्या दिशेने घातलेला स्क्रू नीट पकड घेत नाही, आणि तू चारही कोपरे नेमके तसेच जोडले आहेस. मोती बसण्यापूर्वी गोल फिरतो, मग धपकन अंग टाकतो. त्या हिसक्यांनी असे कोपरे महिन्याभरात करकरू लागतील. प्रत्येक कोपऱ्यात आतून चौकोनी ठोकळा बसव आणि दोन्ही फळ्यांतून आडवे स्क्रू त्या ठोकळ्याच्या अंगात जाऊ दे. स्क्रूपेक्षा बारीक छिद्र आधी पाडले नाहीस तर फळी टोकाशी चिरेल. स्क्रू पूर्ण आवळण्यापूर्वी चौकटीचे दोन्ही कर्ण मोज: गुण्या एकेक कोपराच तपासतो, पण समोरासमोरच्या फळ्या सारख्या लांबीच्या असून कर्णही सारखे भरले, तर चारही कोपरे एकदम काटकोनात असल्याची खात्री होते.

लाकूड साधे पाइनचे घे किंवा १८ मिलिमीटरचे प्लायवूड, ज्याच्या कडांना पट्टी मारावी लागेल. कुंपणाचे जुने लाकूड फुकट मिळाले तरी नको. कीड लागू नये म्हणून अशा लाकडात पूर्वी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण दाबाने मुरवत असत, आणि नुसत्या नजरेने ते ओळखण्याची खात्री देता येत नाही. मोती कडा चावतो, हे तर तू जाणतेसच.

म्हणूनच गोंदाबाबत मी आणखी कडक आहे. सुकताना फुगणारा पॉलियुरेथेनचा गोंद त्या दिवसांत घरात आणूच नकोस, कारण तो कुत्र्याच्या पोटात गेला तर तिथल्या ओलाव्याने फुगून कडक गोळा होतो आणि बहुधा शस्त्रक्रिया करूनच काढावा लागतो. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद पुरेसा आहे. कडा कानशीने गोलसर करून ८०, १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने फिरव, आणि शेवटी तळहात फिरवून कुसळ राहिले नाही ना, हे पाहा.

वरून व्हार्निशपेक्षा कच्चे जवसाचे तेल मला बरे वाटते. ते सुकायला फार दिवस घेते, पण चावलेली जागा घासून तेवढ्यावरच पुन्हा हात मारता येतो. ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणारे तेल लवकर सुकते, ते बहुधा त्यात मिसळलेल्या धातूच्या क्षारांमुळे, म्हणून ते टाळ. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, कारण तेल सुकताना उष्णता निघते आणि चुरगळलेल्या फडक्यात ती साठून फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण वाळव.

तेल वाळून वास गेला की पलंग मोती आज ज्या कोपऱ्यात झोपतो तिथेच मांड आणि त्याची जुनी चादर न धुता गादीवर घाल. दोन्ही मापे या आठवड्यात कळव, म्हणजे कोपऱ्यांचे ठोकळे मी इथेच कापून पाठवीन. तुझ्या करवतीवर एवढे लहान तुकडे धरणे धोक्याचे आहे.

तुझे बाबा