बाबा, रायफल चांगलीच आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

तुम्ही निवडून दिलेल्या स्प्रिंगच्या एअर रायफलीबद्दल फोनवर धड बोलणं होत नाही. तुम्ही दोघं स्पीकरवर असता, मी ती का वापरत नाही याचं कारण बाबा विचारतात, मी सांगायला लागते आणि मध्येच आई म्हणते, "जाऊ द्या हो, तिला नको असेल." नको आहे असं नाही गं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. सावकाश वाचा, मग बाबा, तुम्हाला काय वाद घालायचा तो घाला.

पहिलं म्हणजे, रायफलीत काडीची खोट नाही. माझ्याकडे जेवढ्या वस्तू आहेत त्यात इतकी मन लावून बनवलेली दुसरी नाही. नळी जागेवर पक्की, छर्रा भरायला ती वाकवावी लागत नाही. खालचा दांडा ओढला की स्प्रिंग दबते, त्यामुळे नळी आणि वरची दुर्बीण एकमेकींपासून कधी हलत नाहीत. ट्रिगरचा पहिला टप्पा हलका, मग बोटाला स्पष्ट कळेल असा थांबा, आणि पुढे काच तुटावी तसा सुटतो.

तुम्ही ती पहिल्यांदा उघडलीत तेव्हा मी शेजारी उभी होते. स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते, नुसती पिन काढली तर मागचा भाग उसळून अंगावर येतो, म्हणून तुम्ही आधी लाकडी चौकट बनवलीत, रायफल तिच्यात आडवी अडकवलीत आणि स्क्रू थोडा थोडा सैल करत स्प्रिंगचा जोर उतरवलात. मग दट्ट्या खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून पाहिलात आणि म्हणालात, "जिथे कुणी बघणार नाही तिथेसुद्धा फिनिशिंग केलंय." एवढं कौतुक माझ्या एकाही निकालाच्या वाट्याला आलं नव्हतं, हे जाता जाता नोंदवून ठेवते. चांगल्या चांगल्या स्प्रिंग रायफलींत असते तशी हिच्यातही स्प्रिंग आणि तिला आतून सरळ धरणारा दांडू, म्हणजे गाइड, यांच्यात थोडी फट होती, त्यामुळे छर्रा सुटला की तार झणझणायची. तुम्ही लेथवर डेलरिनचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, घट्ट गाइड काढलात, तारेला चिकट ग्रीस लावलंत, आणि हवा दाबली जाते त्या बाजूला तेलाचा थेंब जाऊ दिला नाहीत, कारण तिथे तेल गेलं तर दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेतं आणि धूर निघतो. तेव्हापासून ती झणझण करत नाही, 'ठप्' करते.

आता अडचण. ही रायफल आली तेव्हा माझी म्हणावी अशी नेमबाजीची पद्धतच नव्हती. जे हातात येईल ते धरायचं आणि मारायचं. पद्धत नंतर घडली, दहा मीटरच्या हॉलमध्ये, उभं राहून. आणि ती अशी घडली की या रायफलीला जे जे नको असतं तेच मी करते.

स्प्रिंग रायफलीत ट्रिगर सुटला की आधी जड दट्ट्या पुढे झेपावतो, म्हणून रायफल मागे येते. पुढे दाबल्या गेलेल्या हवेवर तो आदळून अडतो, तशी रायफल पुढे ओढली जाते. छर्रा जागचा हलतो तो दट्ट्या जवळजवळ शेवटाला पोचल्यावर. म्हणजे छर्रा नळीच्या तोंडाशी येईपर्यंत रायफल काही मिलिमीटर सरकून झालेली असते. सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास आटोपतो, त्यामुळे तो हाताने आवरता येत नाही. एकच करता येतं: रायफलीला दर वेळी तंतोतंत तसंच सरकू द्यायचं. उघड्या तळव्यावर ती नुसती टेकवायची, बोटांनी धरायची नाही, खांद्यात ओढायची नाही, गाल जेमतेम लावायचा. तिला मोकळं सोडलं की छर्ऱ्यावर छर्रा बसतो.

आणि मी काय करते? अंगात ताठ जाड जॅकेट, पाठ मागे झुकवून कमरेत पीळ दिलेला, डावं कोपर कमरेच्या हाडावर रोवलेलं, बट खांद्यात घट्ट, गाल दाबून. रायफलीचा भार स्नायूंनी पेलायचा नाही, हाडांवरून जमिनीत उतरवायचा, असं आम्हाला शिकवतात आणि ते बरोबरच आहे. माझी स्पर्धेची रायफल आधी भरलेल्या हवेवर चालते, तिला धक्का जवळपास नाहीच. तिथे घट्ट पकड फायद्याची असते. तीच पकड तुमच्या रायफलीला लावली की गालाचा दाब केसभर बदलला तरी तिची सरकण्याची वाट बदलते आणि छर्रा शेजारच्या वर्तुळात जातो. आमच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, शिवाय गुण दशांशात, १०.९ पर्यंत. तिथे 'जवळपास' चालत नाही.

दुसरं कारण जरा रांगडं आहे. दांडा ओढायला पंधरा किलोच्या आसपास जोर लागतो. स्पर्धेत २०१८ पासून बायकांनाही पुरुषांइतकेच ६० शॉट असतात, आधी ४० होते. दर शॉटला पंधरा किलो ओढायचे म्हणजे दर शॉटला पाय, कंबर, कोपर सगळं मोडून पुन्हा बांधायचं, आणि दंड थरथरत असताना नेम धरायचा. माझ्या रायफलीला एक छोटी खिटी उघडायची असते, पाय जागचे हलत नाहीत. ट्रिगरचंही तेच. इकडचा शंभर ग्रॅमच्या आत सुटतो, तुमच्या रायफलीचा कितीतरी जड आहे. जड असणं हा त्याचा दोष नाही. पण माझ्या बोटाला एकच सवय परवडते.

आई, आता तुझी गोष्ट, कारण बाबांना माझ्यापेक्षा तुझा पुरावा जास्त पटेल. तू टेबलाशी बसून मारलंस ते आठवतं ना? दांडा बाबांनी ओढला आणि छर्रा भरून होईपर्यंत हातातच धरून ठेवला, कारण चुकून खटका सुटला तर सरकणारा भाग बोटं छाटेल. तू उशीवर हात ठेवलास, हातावर रायफल ठेवलीस, तिला नीट धरायचीही तुला भीती वाटत होती. हळूच चाप दाबलास. कागदावर पाचही छर्ऱ्यांचं एकच वेडंवाकडं भोक झालं आणि तू म्हणालीस, "मी काही केलंच नाही." तेच तर करायचं असतं, आणि तेच मला जमत नाही. बाबा त्यावर म्हणाले होते की नवशिक्याचं नशीब. नशीब नव्हतं बाबा, तिची पकड बरोबर होती.

तुम्ही नेहमी म्हणता, "सवय होईल." होईल की. मला त्या सवयीचीच धास्ती आहे. काही आठवडे मी मन लावून तिच्याशी जमवून घेतलं. दस्त्यावर गालासाठी उंची चढवली, मागचा रबरी पॅड काढून लांबी कमी केली (माझे हात आईसारखे आखूड), वेगवेगळ्या वजनाचे छर्रे पाहिले, पकड सैल केली. बसून मारताना ग्रुप, म्हणजे कागदावरचे भोकांचे पुंजके, छान आवळले. मग हॉलमध्ये परत गेले तर तिथेही खांदा सैल, गाल हलका, आणि शॉट सुटण्याआधीच शरीर धक्क्याच्या तयारीत. कोचने पाठीमागून नुसतं पाहून ओळखलं की मी घरी दुसरं काहीतरी मारते आहे. आईचा चष्मा उत्तम फ्रेमचा आहे म्हणून मी तो लावून वाचायला बसत नाही. लावलाच, तर अक्षरं दिसतील, पण डोकं दुखेल.

मी तर यंत्राप्रमाणे बदलायचा प्रयत्न तरी केला. दहा मीटरवर उभं राहून मारणाऱ्यांनी फार पूर्वीच उलटं केलं, त्यांच्यासाठी यंत्र बदललं गेलं. बाबा, हा भाग तुमच्या आवडीचा आहे. १९६०च्या दशकात फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीने आपल्या १५० या मॉडेलमध्ये नळी आणि सिलिंडरचा सगळा भाग दस्त्यातल्या रुळांवर बसवला. स्प्रिंग सुटली की तो भाग मागे सरकतो, दस्ता खांद्याशी जागच्या जागी राहतो. डायना या दुसऱ्या जर्मन कंपनीची युक्ती तर आणखी भारी. दोन दट्टे एकाच वेळी विरुद्ध दिशांना धावतात, एक छर्ऱ्यामागची हवा दाबतो आणि दुसरा फक्त पहिल्याचा धक्का खोडून काढायला असतो. त्याचं आतलं चित्र मिळालं तर पाहा, तुमची एक संध्याकाळ सुखात जाईल. पुढे स्पर्धेतून स्प्रिंगच गेली. एका दांड्याच्या हालचालीत हवा दाबून धरणाऱ्या रायफली आल्या, मग कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या, मग आधी भरलेल्या हवेच्या. एवढी डोकी लावून लोकांनी जो धक्का घालवला, तो मी हौसेने परत घरात का आणू?

म्हणून स्प्रिंग रायफल मागासलेली असं मात्र मी म्हणणार नाही. तिला सिलिंडर नको, पंप नको, गळतीची भीती नाही. आणि तिचं स्वतःचं मैदान आहे: फील्ड टार्गेट. मोकळ्यावर साधारण पन्नास मीटरपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर पत्र्याच्या आकृत्या लावलेल्या असतात, प्रत्येकीत छोटं गोल भोक, काही तर १५ मिलिमीटरचीच. छर्रा भोकातून गेला तरच आकृती पडते. अंतर कुणी सांगत नाही, दुर्बिणीचा फोकस जुळवून आपणच काढायचं. मारणारा उशीवर बसतो, गुडघा उभा करतो, त्यावर हात, हातावर रायफल. म्हणजे आईची पोझिशन, फक्त टेबल नाही. स्प्रिंगवाल्यांचा गटही वेगळा असतो. तिथे या रायफलीचं पुढे झुकणारं वजन कामाला येतं, आणि माझ्या स्पर्धेच्या रायफलीपेक्षा दुपटीच्या आसपास असलेला जोरही. दहा मीटरवर कागद फाडायला तो जोर काय करायचा?

आमच्याकडे असे बसून मारणारे एक काका आहेत. बरीच वर्षं स्प्रिंगच वापरतात. परवा मी त्यांना ही मारायला दिली. त्यांनी आधी ती वजनासाठी हातात तोलली, दस्त्याला कान लावून दांडा एकदा सावकाश ओढला आणि विचारलं, "आतलं काम कुणी केलंय?" मी तुमचं नाव सांगितलं. मग ते बसले आणि चाळीस मीटरवरच्या आकृत्या एकामागून एक पाडल्या. मला हेवा वाटला नाही. आपली पोरगी दुसऱ्याच्या वर्गात पहिली आल्यासारखं मात्र वाटलं.

ती त्यांना द्यावी असं मला वाटतं. विचारणं एवढ्याचसाठी की ती तुम्ही निवडलेली आहे आणि तिच्या पोटात तुमचं काम आहे.

"चांगली वस्तू घरातून घालवू नये" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. पडून राहिली तर खराब होईल असं खोटंनाटं सांगून मी तुम्हाला पटवणार नाही. स्प्रिंग ताणलेली ठेवली नाही आणि गंजाकडे लक्ष दिलं तर ती माझ्या कपाटात वर्षानुवर्षं धडधाकट राहील. पण धडधाकट राहून करायचं काय? तुमच्याकडे परत पाठवावी असंही मनात आलं होतं, आईचा हात बसलेला आहे म्हणून. पण दांडा तुम्हालाच ओढावा लागणार, आणि तुमच्या उजव्या खांद्याचं दुखणं आई फोनवर सांगते, तुम्ही सांगत नाही. त्या खांद्याने दर शॉटला पंधरा किलो ओढायचे नाहीत. यावर वाद नको.

तुमचं "हो" असेल तर दोन गोष्टी कळवा. मूळ गाइड तुम्ही डब्यात जपून ठेवला होतात, तो रायफलीबरोबर द्यायचा की तुमचाच आत राहू द्यायचा? माझ्या मते आत तुमचा आणि सोबत मूळचा, दोन्ही जावेत. आणि ग्रीस कुठलं, किती लावलंत, ते एका कागदावर लिहून पाठवा, काकांनी मुद्दाम मागितलंय. तुमच्या अक्षरात लिहा, टाइप नको. "नाही" असेल तर तेही कळवा, मी रागावणार नाही, रायफल कपाटात राहील. फक्त "ती का वापरत नाहीस" हे मग विचारायचं नाही.

आई, त्या बाजूचा दिवा बदललास का? जिन्यात अंधार ठेवू नका.

तुमची लेक

ता. क. बाबा, साडेचारच्या छर्ऱ्यांतही डोक्याचे माप किंचित कमी-जास्त असते. हिच्या नळीला ४.५२ चे गोल डोक्याचे सगळ्यांत मानवले, ४.५० चे सैल जातात. तुमच्या कागदावर शेवटी हेही लिहा.